समुद्राकडे पाठ

२०१५ च्या मे महिन्यात वडील वारले. दहाव्याला खाडीवरून परतताना चुलत भावाने सांगितलं की त्याने त्याच्या वाटणीचं घर विकलं.

घर म्हणजे एकाच कौलाखालचे दोन भाग, मध्ये एक भिंत. माझ्या बाजूने त्या भिंतीला वडिलांचं पुस्तकांचं कपाट टेकलेलं होतं. ते गेल्यापासून मी ते उघडलं नव्हतं.

डहाणूत नरपडकडे जाणाऱ्या आमच्या आळीतली जुनी घरं समुद्राकडे पाठ करून उभी आहेत. ओटा पूर्वेला, चिकूच्या वाडीकडे. समुद्राच्या अंगाला बिनखिडकीची भिंत, आणि पावसाआधी तिच्यावर माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे, म्हणजे झड आत शिरत नाही. घरं बांधणाऱ्यांना समुद्र ठाऊक होता, एवढंच.

घेणारा मुंबईचा दंतवैद्य, शनिवार-रविवारपुरता डहाणूकर. चिकूच्या झाडाखाली उभा राहून त्याने मला विचारलं, हा आंबा कुठल्या जातीचा? अशा माणसाने पश्चिमेची भिंत फोडून तिथे जमिनीपासून आढ्यापर्यंत काच बसवली.

"आंटी, समुद्राकडे पाठ करून घर कोण बांधतं?"

"ज्याला जूनमध्येही तिथेच राहायचं असतं तो."

तो हसला. त्याला विनोद वाटला. झाप बांधणारे आले, त्यांना त्याने परत पाठवलं. व्ह्यू जातो म्हणे.

मी चुलत भावाला फोन केला. "ताई," तो म्हणाला, "लोक समुद्र बघायलाच येतात इथे. तू बस पुस्तकात डोकं घालून."

आषाढात समुद्र बघायला कोणी आलं नाही. शेजारी कुलूप होतं. काच शाबूत राहिली, पाणी तिच्या कडांनी शिरलं, आणि विटा-चुन्याची मधली भिंत ते महिनाभर पीत राहिली. मला कळलं तेव्हा कपाटाचं दार फुगून बसलं होतं. सुताराने ते उघडलं. खालच्या फळ्यांवरची पुस्तकं एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या.

दिवाळीनंतर दंतवैद्य आला. ओट्यावर येऊन त्याने नाक मुरडलं. "आंटी, तुमच्या घराला वास येतो. पेस्ट कंट्रोल करून घ्या."

खालच्या फळ्यांवरची पुस्तकं मी वाडीत पुरली. वरच्या फळीवरची उरली आहेत. ती पुढच्या खोलीत ठेवली आहेत.