मावसांचा लाल जाळ

साध्या पिवळ्या जाळाचा इतका मनापासून तिटकारा करणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल. माझ्या मावशीचे यजमान, आमचे मावसा, तापीकाठच्या प्रकाशा गावी राहायचे आणि जिनिंगमध्ये कापूस तोलायचे. देवाने जगात सगळं नीट केलं, फक्त जाळाला रंग देताना तो कंटाळला, असं त्यांचं ठाम मत. ती राहिलेली कामगिरी त्यांनी आपल्या अंगावर घेतली होती. कुणी सांगितलं होतं म्हणता? कुणीच नाही!

जिनातला टाकाऊ कापूस ते घरी आणायचे. तो वितळलेल्या मेणात कालवायचा, त्यात कसली तरी पूड घालायची आणि पणतीत थापून गोळा वाळवायचा, की झालं पेटवण. त्यावर न्हाणीचं चुलाणं झटक्यात पेटे, हे कबूल करायला हवं. मोरचूद घातला की जाळ हिरवा, सोरा घातला की फिका जांभळा. एकदा सोनाराकडून टाकणखार मागून आणला, तर दागिना घडतोय अशी बोलवा उठली आणि शेजारणी मावशीचा गळा बघायला येऊ लागल्या. गळ्यात काही नाही म्हटल्यावर मावशीचा पारा चढला तो चढलाच. त्यात मावसांनी हिरवा जाळ थेट स्वयंपाकाच्या चुलीत लावला. मावशीने भाकर, तवा आणि मावसा, तिन्ही अंगणात काढले. तेव्हापासून सगळे प्रयोग न्हाणीपुरते. धानोऱ्याचे व्याही मुक्कामाला आले, पाण्याच्या हंड्याखाली जांभळा जाळ पाहिला आणि "आंघोय काय, घर बी पेटी जाई," म्हणत पारोशानेच गाडी जुंपून गेले. मावसा म्हणाले, "लोकेस्ले रंगनी कदर नही."

एक खोड मात्र भयंकर. पुडीचा डबा ते कधी धुवायचे नाहीत. तळाला चिकटलेली चिमूट वाया जाईल या धास्तीने नवी पूडही जुन्याच डब्यात.

वाहवा करायला गल्लीतली पोरंटोरं होती, पण मावसांना हवी होती ती मावशीची. आणि मावशी तर त्या जाळाकडे मान वळवूनही बघत नसे. एकदा फारच मागे लागले तेव्हा ती वैतागून म्हणाली, "हिरवा नको नि जांभया नको. मन्हा लुगडागत लाल काढी दखाडा, तवय मानसु."

झालं! मावसा हात धुऊन लाल रंगाच्या मागे लागले. कुंकू घातलं, गेरू घातला. मिरचीपूड घातली त्या दिवशी अख्खी गल्ली ठसकत, डोळे पुसत बाहेर आली. शेवटी नंदुरबारच्या शोभेची दारू करणाऱ्या एका चाचांना दया आली. त्यांनी लाल जाळाचा खार पुडीत बांधून दिला. "लालच निकलेगा, भाऊ," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मावसांनी गल्ली चुलाण्याभोवती उभी केली. मावशीही आली, पदराला हात पुसत, कपाळाला आठ्या घालून. मावसांनी काडी ओढली. जाळ उठला तो हिरवागार! खार चाचांचा खरा, पण कालवला होता मोरचुदाच्या डब्यात. गल्ली फिदीफिदी हसली. मावसांचा चेहरा असा उतरला, की माझ्याच्याने बघवेना. काडी बोटाला चटका देत होती, तरी त्यांना टाकायचं सुचेना.

मावशीने वाकून जाळ निरखला, मावसांकडे पाहिलं आणि गर्रकन वळून गल्लीवर खेकसली, "दात काय काढतस? डोया फुटनात का तुमना? लाल शे, लाल! मन्हा लुगडागत!"

मावशीशी वाद घालायची कुणाची छाती? त्या हिरव्या उजेडात मावसा असे खुलले, की नवरदेव झक मारेल. पुढे त्या घरात हिरव्या जाळाला लाल म्हणायची रीतच पडली. पाहुण्यांना म्हणावं लागे, मीही म्हणत आलो.

मावसांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा प्रकाशाला गेलो तर चुलाण्यात साधा पिवळा जाळ होता. मला फार ओकंबोकं वाटलं. न राहवून विचारलं, "मावशी, खरं सांग, त्या दिवशी जाळ लाल होता?"

तिने आधी दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हिरवागार व्हता रे भो. पन तुन्हा मावसास्ले सांगू नको."