उन्हाळी विमान आणि आमचा राब

मी मुळात भित्री नाही. चुलीपाशी फुरसं निघालं तेव्हा मी ते काठीनं ठेचलं आणि त्याच चुलीवर भाकऱ्या भाजल्या. पण एका उन्हाळ्यात मी अशी भ्याले, की ते कुणाला सांगायलासुद्धा मला इतकी वर्षं लागली. सांगितलं की लोक हसतात. खुशाल हसा.

आमची वाडी तुडील गावाच्या वर, डोंगराच्या अंगाला. खाली सावित्री नदी दिसते. माझं माहेर महाडचं आणि मी चौथी शिकलेली, म्हणून मुंबईहून नवऱ्याचं पत्र आलं की घरात सगळ्यांना मीच वाचून दाखवायची. वाडीतले बाकीचे पुरुष गिरणीत होते. हे तेवढे जुहूच्या विमानाच्या मैदानावर. काम काय, तर धूर करायचा. विमान यायच्या वेळी मैदानाच्या कडेला ओला पाला पेटवायचा. धूर कुठं झुकतो त्यावरून विमान चालवणाऱ्या साहेबाला वरून वारा कळतो आणि तो बेतानं उतरतो. शिमग्याला घरी आले तेव्हा हे ऐटीत म्हणाले, "धूर दिसला की साहेब उतरतो बघ. माझ्या हातात हाय ते." मी ते मनात धरून ठेवलं. नको तेवढं धरून ठेवलं.

चैत्र संपता संपता पत्र आलं. दक्षिणेकडं जाणारं टपालाचं विमान आठवड्यातून एकदा असायचं, ते उन्हाळ्यापुरतं दोनदा होणार होतं. वाटेत उतरायला नवी मैदानं केली होती, आणि तिथल्या गड्यांना धुराचं काम शिकवायला ह्यांना विमानातून नेणार होते. अक्षय तृतीयेनंतरच्या मंगळवारी सकाळी आपल्या नदीवरून जाऊ, वर बघा, असं लिहिलं होतं. सासरे हरखले आणि वाडीभर सांगून आले. मला मात्र धास्ती पडली. बैलगाडीचं काही मोडलं तर ती वाटेत उभी राहते. हे कुठं उभं राहणार? मी रोज रात्री देवापुढं हात जोडायची, पण मंगळवार काही टळणार नव्हता.

त्या मंगळवारी सकाळी वारा पडलेला पाहून सासऱ्यांनी नेमका राब पेटवायचं काढलं. भाताचं बी जिथं टाकायचं तो तुकडा, म्हणजे दाढ, आम्ही आधी भाजून घेतो. शेण, तोडलेले टहाळे, झाडाखालचा वाळका पातेरा यांचे थर रचायचे, वर माती भुरभुरायची आणि कडेनं पेटवून द्यायचं. तण मरतं आणि रोप जोमानं वर येतं. जाळ थोडा, पण धूर असा की शेजारचं माणूस दिसू नये.

मी सासूबाईंना म्हटलं, "मामंजींना सांगा ना, आज राब नको. धूर बघून विमान उतरायचं." त्यांनी बिचाऱ्यांनी सांगितलं. सासरे पोट धरून हसले. "इमान काय आपल्या दाढीत उतरतंय? त्याला येड लागलंय काय?" सुनेनं याच्या पुढं बोलायची सोय नव्हती. राब पेटला.

आणि विमान आलं. आधी नुसती घरघर, मग पोलादपूरच्या डोंगरांकडं सरकत जाणारा एक ठिपका. गेलं, असं म्हणून मी श्वास सोडला, तेवढ्यात ते वळलं. वळून आमच्याकडं यायला लागलं, आणि आधीपेक्षा खाली. काहीतरी बिघडलंय, साहेब जागा शोधतोय, त्याला धूर दिसलाय, हे मला इतकं स्वच्छ कळलं की जणू कुणी कानात येऊन सांगितलं. आमची शेतं म्हणजे डोंगरात खोदलेल्या पायऱ्या. हात हात उंचीचे बांध, आणि शेवटच्या बांधाखाली सरळ कडा.

झऱ्यावरून आणलेले दोन हंडे बांधाशी भरून ठेवलेले होते. ते मी राबावर ओतले. मग ओला टहाळा घेऊन बडवत सुटले. पायाला चटके बसत होते, लुगड्याचा काठ जळाला, तरी मी बडवतच होते. बांधावरून सासरे ओरडले, "खुळी झाली काय गो ही? धरा तिला." धरायला कुणी पुढं आलं नाही. ते विमान डोक्यावरून गेलं, एक फेरी मारली आणि दक्षिणेकडं निघून गेलं. मी तिथंच राखेत बसले. रडायलासुद्धा येईना.

अर्ध्या राबाची माती झाली. सासरे माझ्याशी बोलायचे बंद झाले, आणि त्यांचं काही चुकलं असंही मला वाटलं नाही. पत्र यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी जेवले काय आणि झोपले काय, आठवत नाही. पत्रात दोनच ओळी होत्या: पोचलो, खुशाल आहे.

जेठात बाणकोटपर्यंत बोटीनं आणि पुढं नदीतून शिडाच्या पडावानं हे घरी आले. पडवीत माणसं जमली. हे सांगत होते, साहेबाला आपली वाडी आधीच सांगून ठेवली होती, म्हणून त्यानं ह्यांच्यासाठी मुद्दाम फेरी मारली. नदी दिसली, घर दिसलं, राब तर असा धुमसत होता. सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांना शेतावर नेलं. अर्धा तुकडा काळा, अर्धा तसाच, त्यात तण वर आलेलं. म्हटलं, "हा तुमचा धुमसणारा राब. मी विझवला. तुम्ही इथं उतराल असं मला वाटलं."

ह्यांनी थोडं तण उपटून बघितलं. मग बांधावर बसले. "कुणाला बोलू नको गो," म्हणाले. "मी काय बी बघितलं नाय. जुहूपासनं डोळे मिटलेले होते. ते वळलं तवा वाटलं, आता संपलं. देवाला म्हटलं, कुठं बी उतरव, पन आत्ताच्या आत्ता उतरव."

मी खाली टहाळा मारत होते तेव्हा हे वर हेच मागत होते. त्या सकाळी देवानं ह्यांचं ऐकलं असतं तर, असं आजही मनात येतं.