घरोघर जाऊन घेतलेले नंबर

आज नळाला पाणी येणार, हे तुमच्या घरात सगळ्यात आधी कुणाला कळतं? आणि पिंप, हंडे, बादल्या कोण भरतं? ही दोन्ही माणसं एकच आहेत का, हे तुम्ही कधी तपासलंय? मी तपासलं नव्हतं. तपासायचं काम माझ्याकडंच होतं, म्हणून हे लिहिताना मान खाली जाते.

मी नांदेडची. माझे वडील, अण्णा, शाळेत मास्तर होते आणि शाळा सुटल्यावर पत्रकं काढायचे. रेशनचं दुकान बंद राहिलं, पत्रक. दवाखान्यात डॉक्टर नाहीत, पत्रक. आमच्या घरी दिवाणाखाली अंथरुणं नसायची, गठ्ठे असायचे. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. अण्णांचा एकच नियम होता: जे पायानं केलं नाही ते पत्रकात लिहायचं नाही. दहा गावं फिरलो असं लिहायचं तर दहाव्या गावचा रस्ता कसा आहे ते सांगता आलं पाहिजे.

पुढं लातूरला एका छापखान्यात मला टायपिंगचं काम मिळालं आणि मी शहराच्या कडेच्या एका वसाहतीत खोली घेतली. तिथं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणालाच माहीत नसायचं. लांब लोखंडी चावी घेऊन एक मामा यायचे, जमिनीतला वॉल्व्ह फिरवायचे आणि गल्लीच्या तोंडाशी उभं राहून "सोडलं हो पाणी!" असं ओरडायचे. ऐकू आलं तो भरायचा. बायका लग्नाला, बाजारला, दवाखान्यात जायच्या नाहीत. आज येईल, आज येईल, म्हणून दाराशी अडकून बसायच्या.

मला याचा संताप यायचा. गावाकडं शेतातली मोटर फोनवरून चालू होते, आणि शहरातल्या बायकांनी एका हाकेसाठी घरात कोंडून घ्यायचं? मी पत्रक काढलं, सह्या गोळा केल्या, पाण्याच्या कचेरीत पाच-सहा खेपा घातल्या. शेवटी आमच्या वसाहतीपुरता प्रयोग करायचं ठरलं. टाकीवर एक यंत्र बसलं. वॉल्व्ह उघडायच्या दोन तास आधी ते प्रत्येक घरच्या फोनवर आपोआप मेसेज पाठवणार होतं. कुणी परस्पर नंबर बदलू नये म्हणून जुन्या नंबरवर गेलेला ओटीपी सांगितल्याशिवाय बदल होऊ नये, हीही मागणी माझीच. ती मान्य झाली तेव्हा मला केवढा आनंद झाला होता!

नंबर गोळा करायचं काम मी अंगावर घेतलं. एक घर, एक नंबर. चार संध्याकाळी फिरले. टेकाडावरची शेवटची नऊ घरं राहिली. दुसऱ्या दिवशी यादी द्यायची होती आणि मला नांदेडची बस पकडायची होती. अण्णांच्या मित्रांची बैठक होती, आणि त्यांना हे सगळं मला माझ्या तोंडानं सांगायचं होतं. कचेरीतल्या कारकुनानं रजिस्टर पुढं सरकवलं. "नळजोडणीच्या अर्जावर नंबर असतातच की मॅडम. घ्या इथनंच. कशाला उन्हातान्हाचं टेकाड चढताव?"

मी घेतले. नऊच्या नऊ. अर्ज सगळे पुरुषांच्या नावाचे, हे दिसत होतं. दिसत होतं, एवढं तरी खरं लिहिते.

बसमध्येच पत्रकाचा मजकूर लिहिला. पहिलीच ओळ होती, "आम्ही घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबाचा नंबर घेतला." अण्णांनी ते बैठकीत उभं राहून वाचलं. वाचून झाल्यावर माझ्याकडं पाहिलं आणि चष्मा पुसला. त्यांनी चष्मा पुसलेला मी फार वेळा पाहिलेला नाही. मी ती ओळ तशीच ठेवली. पाचशे प्रती छापल्या.

टेकाडावरच्या त्या नऊ घरांपैकी एक घर मेसवाल्या ताईंचं. क्लाससाठी लातूरला आलेल्या पोरींना त्या डबे द्यायच्या. माझाही डबा तिथूनच यायचा. यंत्र सुरू होऊन महिना झाला असेल, एका दुपारी डबा आला नाही. मी तावातावानं वर गेले. चूल थंड होती. ताई पालथ्या घातलेल्या पिंपावर बसल्या होत्या आणि शेजारीण त्यांच्यासाठी एक कळशी घेऊन आली होती.

"ताई, काल पाणी आलं होतं की. मेसेज आला होता. वाचला नाही का?"

असं विचारलं मी. खालच्या गल्लीतून वर येऊन, त्यांच्याच दारात उभी राहून.

"कुणाला आला मेसेज?" ताई म्हणाल्या. "मला न्हाई आला. मी काल बाजारात होते. आता मेसेज येतो म्हणून मामा ओरडत न्हाईत, आन मला तर मेसेजच न्हाई. मागच्या बारीलाबी हिच्याच घरनं आणलं."

मी फोनवर यादी काढली आणि त्यांच्या घरापुढचा नंबर वाचून दाखवला. अर्धा वाचून होईपर्यंत ताईंनी पदर तोंडाशी धरला होता.

शेजारणीला हसू आवरेना. "अगं बया, ह्यो तर तुझ्या नवऱ्याचा! त्यो तिकडं देवणीला बसून हिकडं टेकाडावर पाणी आलं का बघून राहिलाय व्हय? म्हण त्याला, तिथनंच पाइप लाव!"

ताई हसल्या नाहीत. चार वर्षांपूर्वी तो माणूस घर सोडून गेला होता. त्यानंतर ताईंनी त्याला एकदाही फोन केला नव्हता. गावानं समजावलं, भावांनी समजावलं, तरी केला नव्हता. पंधरा पोरींचे डबे करून त्यांनी ते न बोलणं टिकवलं होतं. आणि त्यांच्या नळाचा निरोप मी त्याच्या खिशात नेऊन ठेवला होता.

"लगेच बदलू," मी म्हणाले. "उद्याच."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कचेरीत गेलो. कारकुनानं नवा नंबर टाकला, बटण दाबलं आणि मान वर केली. "जुन्या नंबरावर ओटीपी गेलाय. सांगा."

"तो नंबर यांचा नाही," मी म्हणाले. "दुसरा काही मार्ग असेल."

"सिस्टीम तशीच हाय, मॅडम. तुम्हीच मागितली होती की. पाच मिनटं चालतो ओटीपी."

ताई माझ्याकडं बघत होत्या. मी तो नंबर लावला आणि कोण बोलतेय, कशासाठी, ते सांगितलं.

"आलाय ओटीपी," पलीकडचा माणूस म्हणाला. "पर तुम्हाला कामून सांगू? तिला द्या फोन. तिनं मागितला तर देतो."

आवाज ताईंपर्यंत गेला होता. मी फोन पुढं केला. होय, केला. त्या क्षणी मला एवढंच वाटत होतं की हे एकदाचं मिटावं. दोन शब्द बोलल्या असत्या तर माझी चूक पुसली गेली असती.

ताईंनी फोनला हात लावला नाही. "ठिव खाली," त्या म्हणाल्या. "कळशीनं आणीन. त्याला न्हाई मागायची." आणि पायऱ्या उतरून गेल्या. त्या दिवसापासून माझा डबा बंद झाला.

कारकून जरा वेळानं हळूच म्हणाला, "एक रस्ता हाय. नंबर ज्यानं गोळा केला त्यानं लेखी द्यायचं, की मी त्या घरी न जाता, न विचारता नंबर भरला. मग साहेब जुना नंबर रद्द करतात. ओटीपी लागत न्हाई." त्यानं कोरा कागद दिला.

सोपं होतं. एक ओळ आणि सही. तरी तो कागद आठ दिवस माझ्या पिशवीत राहिला. मनात म्हणायची, यंत्र नको म्हणणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळेल, प्रयोग बंद पडेल, दुसऱ्या वसाहतींना यंत्र मिळणार नाही. सगळी कारणं मोठमोठी, लोकांच्या भल्याची. खरं कारण पत्रकातली पहिली ओळ होती आणि अण्णांनी पुसलेला चष्मा. त्या आठ दिवसांत पुन्हा पाणी येऊन गेलं. माझ्या फोनवर मेसेज वाजला, मी माझी पिंपं भरली. मला ताईंना फोन करून सांगता आलं असतं. त्यांच्याशी काय बोलायचं या भीतीनं तेवढंही केलं नाही. संध्याकाळी खिडकीतून पाहिलं तर ताई टेकाड चढत होत्या, डोक्यावर एक, कमरेवर एक.

मग लिहिलं. एका घराचं नाही, नऊ घरांचं. कागद देऊन बाहेर आले आणि कचेरीच्या पायरीवरूनच अण्णांना फोन लावला. सगळं सांगितलं, रजिस्टरसकट.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पत्रकं किती वाटली होती?"

"पाचशे."

"मग पाचशेच छाप." आणि फोन ठेवला. जेवलीस का, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही.

माझी चूक सांगणारं दुसरं पत्रक मी स्वतः वाटलं. टेकाडावरची नऊही घरं चढले. एका घरी सासू पाणी भरायची, तिला बटणांचा साधा फोन होता, तोच नंबर घेतला. एका घरी कुणाकडंच फोन नव्हता. तिथं मामांनी आवाज द्यायचा असं ठरलं. शेजारणीनं पत्रक लेकीकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, "सोताच्याच इरुद्ध पत्रक! लई शिकलेली दिसतीस बाई." ताईंनी घडी करून ते फळीवर ठेवलं. त्यांच्या फोनवर पहिला मेसेज आला त्या दिवशी मी तिथंच होते. त्यांनी तो वाचला आणि पिंप उलटं सुलटं करून धुवायला घेतलं. मला म्हणाल्या, "डबा उद्यापास्नं लावते. आज न्हाई." माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलंही नाही.

वाचणाऱ्यांतले कितीतरी जण शिक्षक आहेत, कचेरीत आहेत, कार्यकर्ते आहेत. पाण्याच्या, विजेच्या, गॅसच्या याद्या तुमच्याच हातून भरल्या जातात. त्यात न जाता भरलेलं एखादं घर असेल तर ही ओळ वाचून झाल्यावर यादी काढा, त्या घरी जा, काम करणाऱ्या बाईला तिचा नंबर विचारा. आणि चुकलं असेल तर लेखी द्या, सहीनिशी. माझ्यासारखे आठ दिवस थांबू नका.