ताईच्या लेखातली देशभक्ती

हसायचं तर हसा, पण आधी ऐका. अशी माती मी जन्मात खाल्ली नव्हती!

माझी ताई कॉलेजात शिकवायची. मागच्या महिन्यात गेली. अजूनही गॅरेज बंद केलं की मी तिला फोन लावतो, मग आठवतं. इथल्या मराठी मंडळाने शंकर नगरात तिची शोकसभा ठेवली आणि तिचा शेवटचा लेख वाचायचं ठरलं. मी ताडकन उठलो. "ताई माही हाय, मीच वाचीन!" शाळा नववीत सुटलेली, पण थांबतो कोण?

घरी येऊन लेख उघडला. नाव काय? 'टीव्ही, देश आणि लैंगिकता'. अरे देवा! समोर सगळे काका-काकू, आणि हा शब्द? उद्या अख्खा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, ताईलाच नावं ठेवेल. पेन घेतलं आणि जिथे जिथे तो शब्द दिसला, तिथे खोडून 'देशभक्ती' लिहिलं. देशभक्तीला कोण नाही म्हणणार, सांगा!

सभेत उभा राहिलो.

"साबणापासून बनियानपर्यंत सगळं देशभक्तीच्या जोरावर विकलं जातं."

मंडळाचे अध्यक्ष देशमुख काका, त्यांनी मान डोलावली. मला चेव आला.

"पण टीव्हीवर देशभक्ती दिसली, की बाप घाईघाईने चॅनल बदलतो."

काकांची मान थांबली.

"मुलींना तर देशभक्ती लग्नापर्यंत दाबून ठेवावी लागते. नवऱ्याच्या देशभक्तीपुढे बायकोची इच्छा विचारतो कोण?"

एका काकूंनी पदर तोंडात कोंबला. मी आपला वाचतोच आहे!

"काय वाचून राहिला बे?" काका उठलेच. "देशाची टिंगल करे काय तुही ताई?"

"माह्या ताईले काही बोलू नका, सांगून ठेवतो!" मी बाह्या सरसावल्या. शोकसभेत!

तेवढ्यात ताईसोबत शिकवणाऱ्या शुभा दीदीने माझ्या हातातली पानं ओढली. खाडाखोड पाहून कपाळावर हात मारला.

"हे काय करून ठेवलं भैया?"

"ताईची लाज झाकली, दीदी."

"अरे बाबा, लेखच त्याच्यावर हाय! ज्याची लाज वाटते, त्याच्यावर लोकं देशभक्ती पांघरतात, असं लिहिलं तिनं. शेवटच्या पानावर साफ लिहिलं. वाचलं नाही काय तू ते पान?"

"नाही."

"काहून?"

"त्या पानावर तो शब्दच नव्हता!"