भागाबाई आणि लाल्याचा पाय

भागाबाई नव्या माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या पायांकडे पाहत. सक्करदऱ्याला त्यांची खोली भाड्याने मागायला मी गेले, तेव्हा मी कोण, कुठली, कोणत्या शाळेत लागले, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. माझ्या नव्या सँडलकडे बोट दाखवून म्हणाल्या, "काढ ते. टाचेले पानी सुटलं, दिसत नाही काय तुले?" फोड फुटून तीन दिवस झाले होते. नवी चप्पल थोडी चावतेच, असं मी म्हणाले, तर त्या इतक्या संतापल्या की मला वाटलं, खोली हातची गेली. "चावतेच म्हनजे काय? चावते, तर घालतं काहून?" मला पायरीवर बसवून त्यांनी मिठाच्या कोमट पाण्याने टाच धुतली, हळद दाबली, वर कापसाचा बोळा बांधला. खोली त्यानंतर दाखवली.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी बावीस वर्षांची, वर्ध्याकडच्या खेड्यातून पहिल्या नोकरीला आलेली. भागाबाईंनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. नवरा विणकर होता. तो जाऊन दहा वर्षं झाली होती आणि त्याचा हातमाग घराच्या पुढच्या खोलीत अर्धा सुटलेल्या अवस्थेत उभा होता. नवऱ्याला दोन वर्षं खोकला होता. घरचे, शेजारचे, ओळखीचे सगळे म्हणत राहिले, विणकराले खोकला असतेच. दवाखान्यात नेलं तेव्हा फुप्फुसात काही उरलं नव्हतं. तेव्हापासून 'असतेच' हा शब्द कोणी उच्चारला की भागाबाईंचा पारा चढे. दूधवाला म्हणाला, उन्हाळ्यात म्हशीचं दूध आटतेच, तर त्याला उभं करून त्यांनी म्हशीला पाणी किती वेळा पाजतोस, ते विचारलं. "असतेच म्हनलं का मानूस हात झटकून मोकया," त्या मला सांगत. "तू पोरायले शिकवतं ना? त्यायले हे पयले शिकव."

मूलबाळ नव्हतं. घरात त्या आणि लाल्या नावाचा कोंबडा, दोघंच. लाल्या तांबूस सोनेरी, शेपटीत हिरवी-काळी झाक असलेला, भागाबाईंच्या मागे मागे स्वयंपाकघरापर्यंत येणारा. त्या तांदूळ निवडायला बसल्या की समोर बसून एक डोळा सुपावर ठेवायचा. पहाटे आरवायचा हे खरं. कोंबडा आरवणारच, असं मी एकदा म्हणून गेले आणि पुन्हा बोलणी खाल्ली. कारण भागाबाईंना त्याचीही काळजी होती. समोरच्या बडेबाबूंची झोप मोडू नये म्हणून त्या लाल्याला अंगणातून हलवून रोज रात्री मागच्या खोलीत डालग्याखाली झाकून ठेवत.

बडेबाबू कुठल्याशा कचेरीत मोठे कारकून होते. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळाला गंध, सायकलच्या हँडलला डब्याची पिशवी. गल्लीत कोणाला अर्ज लिहायचा असला की त्यांच्याकडे जायचा, त्यामुळे त्यांचा शब्द खाली पडत नसे. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळी मी खिडकीत दात घासत उभी होते. लाल्या त्यांच्या फाटकातून आत शिरला आणि झेंडूच्या वाफ्यात पायाने माती उकरू लागला. बडेबाबू तिथेच उभे होते. हुसकलं असतं, तर तो गेला असता. टाळी वाजवली असती तरी गेला असता. त्यांनी हातातलं खुरपं नेम धरून फेकलं. लाल्या एका अंगावर पडला, गोल गोल फिरला आणि एक पंख फरफटत फाटकाबाहेर आला. बडेबाबूंनी खुरपं उचललं, नळाखाली धुतलं आणि आंघोळीला गेले. पुढच्या पाऊण तासात त्यांच्या घरातून आरतीची घंटा ऐकू आली. ती घंटा आठवली की आजही माझं डोकं तापतं.

मी धावत जाऊन भागाबाईंना सांगितलं. त्यांनी लाल्याला पदरात घेतलं. पंखाखालची कातडी चार बोटं फाटली होती आणि उजवा पाय मधोमध मोडून लोंबत होता. आम्ही त्याला टोपलीत घालून रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी टोपलीत डोकावून पाहिलं आणि हसत विचारलं, "बाई, याला इथं कशाला आणलं? याचा इलाज तुमच्या चुलीवर आहे." मागे उभे असलेले दोन शिपाईही हसले.

भागाबाई हसणं थांबेपर्यंत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बाहेर पाटीवर जनावरायचा दवाखाना लिवलं हाये. खाची जनावरं अन् ठेवाची जनावरं, असं येगयेगळं लिवलं नाही. लिवून घ्या, म्हनजे आमच्यासारखे फसनार नाही." डॉक्टरांनी गाईला सुई टोचायची म्हणून पाठ फिरवली. परतीच्या वाटेवर रिक्षावालाही म्हणाला, "रस्सा चांगला होईन, मावशी."  त्या टोपलीवर हात ठेवून समोर पाहत बसल्या. 

घरी आल्यावर त्यांनी मागाच्या फणीतल्या बांबूच्या चार बारीक कामट्या काढल्या. रेशमाचा धागा आणि सुई उकळत्या पाण्यात टाकली. मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, टॉवेलात गुंडाळून धर. डोयावर कपडा टाक. अंधार झाला का कोंबडं गप राह्यते." खरोखर तसंच झालं. माझ्या मांडीवर त्याचं काळीज केवढ्याने उडत होतं, पण तो हलला नाही. नवऱ्याच्या मागावर तुटलेला ताणा जोडण्यात ज्या बोटांचं आयुष्य गेलं होतं, त्या बोटांनी फाटलेल्या कातडीला पाच टाके घातले. मोडलेला पाय हळूच ओढून सरळ केला, कापूस गुंडाळला, चारी बाजूंनी कामट्या लावून जुन्या लुगड्याच्या काठाने बांधला. "आता रोज पाहा लागते," त्या म्हणाल्या. "बांधून मोकयं झालं, असं नसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पाच कमी असताना त्या टोपली, कोमट पाणी आणि कापूस घेऊन निघाल्या आणि समोर जाऊन बडेबाबूंच्या ओट्यावर बसल्या. मी शाळेला निघाले होते, ती पाहत तिथेच थांबले. बडेबाबू डबा घेऊन बाहेर आले.

"भागाबाई, हे काय आहे? माझ्या ओट्यावर काहून?"

"तुमच्या ओट्यावर उजेड चांगला पडते."

"लोकं पाहून राहिले."

"पाहू द्या. मी त्याच्यासाठीच बसली."

बडेबाबूंनी आवाज खाली आणला. "एक कोंबडा तर होता. दुसरा आणून देतो."

"दुसरा तुमी आनसान. याचा पाय कोन आनते?" असं म्हणत त्यांनी पंख उचलला आणि टाके त्यांना दिसतील असे वळवले. "पाहा. तुमचंच काम हाये. पाहून घ्या अन् मंग जा हापिसात."

बडेबाबू सायकलवर टांग टाकून गेले. दुसऱ्या दिवशी पावणेदहाला निघाले, तर भागाबाई साडेनऊपासून बसलेल्या होत्या. गल्लीतल्या लोकांना हे फार झालं असं वाटलं. चार प्रतिष्ठित माणसं मला येऊन म्हणाली की तुम्ही शिकलेल्या आहात, म्हातारीला समजवा, एवढ्या मोठ्या माणसाची अब्रू काढते, तीही कोंबड्यासाठी. खुरपं फेकणाऱ्याला समजवायला मात्र त्यांच्यातलं कोणी गेलं नव्हतं. मी तसं म्हणाले, तर ते मलाच उद्धट म्हणून गेले.

पाचव्या दिवशी लाल्याने चारा सोडला. तुरा जांभळा पडला, मान खाली गेली, श्वासाला घरघर येऊ लागली. टाक्यांपाशी वास येत होता. भागाबाईंनी दोन टाके उसवले, पू काढला, लाल दवेच्या पाण्याने जखम धुतली आणि औषधांच्या दुकानातून आणलेली पांढरी पावडर आत भुरभुरली. मी शाई भरायचा ड्रॉपर उकळून दिला. त्याने त्या तांदळाची गूळ घातलेली पेज चोचीच्या कडेने एकेक थेंब सोडत. "मधोमध सोडलं तर छातीत जाते," त्या सांगत. "बाजूनं सोड. गियला का पाहा. गियला? मंग दुसरा." एक वाटी पेज संपायला तास लागायचा. त्या आठवड्यात मी त्यांना कधी घाईने बोलतानासुद्धा ऐकलं नाही. सगळा राग त्या सकाळच्या साडेनऊसाठी राखून ठेवत असाव्यात.

ओट्यावरचं बसणं चालूच होतं. आठवडाभराने एका सकाळी घरातून बडेबाबूंची बायको लीलाबाई गरम पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. ही बाई मी चार महिन्यांत दोनदाच पाहिली होती. त्या खाली बसल्या आणि लाल्याचा पाय धरून ठेवला. भागाबाईंनी पाणी ओतता ओतता त्यांच्या पायाकडे पाहिलं आणि हात थांबवला. डाव्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं होतं आणि त्यावर माशा बसत होत्या.

"हे काय झालं वं?"

"सायकलचा स्टँड लागला होता. दिवाळीच्या आधी."

"दिवाळीच्या आधी? सोड ते फडकं."

लीलाबाईंनी आधी दाराकडे पाहिलं, मग फडकं सोडलं. अंगठा काळा पडला होता. दुखतं का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, आता काहीच कळत नाही. भागाबाईंनी बडेबाबूंच्या दाराकडे मान वळवून विचारलं, "यायले सांगतलं?"

"सांगितलं. म्हनते, लागलं का इतके दिवस असतेच. सुकून जाईन."

भागाबाईंनी लाल्याला माझ्या हातात दिलं आणि उठून उभ्या राहिल्या. बडेबाबू तेवढ्यात सायकल काढत होते. भागाबाईंनी हँडल धरलं.

"बायकोचा पाय पाह्यला का तुमी?"

"संध्याकाळी पाहू. मले उशीर होऊन राहिला."

"झेंडू चार बोटं उकरला तर तुमाले दिसला. बायकोचा अंगठा महिनाभर सडून राहिला, तो नाही दिसला." त्यांनी हँडल सोडलं नाही. "कोंबड्याच्या पायाले रोज दवा लागून राहिली तुमच्या ओट्यावर, अन् तुमच्या बायकोच्या पायाले नाही. कोनाले सांगू हे मी? हिले घेऊन आत्ता निघा. नाही तर मी नेतो."

बडेबाबूंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. भागाबाईंनी मग वाट पाहिली नाही. गल्लीच्या तोंडाशी जाऊन रिक्षा आणली, लीलाबाईंना बसवलं, आपण शेजारी बसल्या आणि सरकारी दवाखान्याकडे निघाल्या. बडेबाबू सायकलवर मागून गेले. मी लाल्याला कुशीत घेऊन ओट्यावरच बसून राहिले. त्या दिवशी शाळेत गेलेच नाही.

लीलाबाईंना साखरेचा आजार होता आणि तो घरात कोणाला माहीत नव्हता. अंगठा काढावा लागला. आणखी आठ दिवस गेले असते, तर गुडघ्यापासून पाय काढला असता, असं डॉक्टर म्हणाले. तीन आठवडे त्या दवाखान्यात होत्या. भागाबाई सकाळी लाल्याची मलमपट्टी करून त्यांचा डबा घेऊन जात. लाल्याचा पाय जुळला, पण वाकडा जुळला. तो पुढे चारपाच वर्षं जगला, लंगडत जगला, आणि पुन्हा आरवला तेव्हा समोरच्या घरातून तक्रार आली नाही.

बडेबाबूंनी माफी मागितली नाही. उलट लीलाबाई घरी आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते, "मी वेळेवर नेलं म्हणून पाय वाचला." हे माझ्या समोर, भागाबाईंच्या समोर. मला राहवलं नाही. घरी येऊन मी म्हणाले, मी उद्या गल्लीत सगळ्यांना खरं सांगणार. भागाबाई चुलीपाशी भाकर थापत होत्या. म्हणाल्या, "सांगू दे त्याले. त्याले अब्रू पायजे, लीलाले पाय पायजे होता. दोघायले भेटलं." मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. त्यांचा राग कुठे थांबायचा, हे त्यांना माहीत होतं. मला माझ्या रागाचं ते अजून जमलेलं नाही.

पुढे माझं लग्न झालं आणि कामठीच्या शाळेत बदली झाली. जमेल तशी मी भेटायला जायची. शेवटची गेले ती हिवाळ्यातली दुपार होती. अंगणात खाटेवर बसून आम्ही बोललो. त्यांनी माझ्या मुलाचा खोकला विचारला, माझी कंबर विचारली, काय शेकायचं, काय प्यायचं ते सांगितलं. मी तासभर माझंच सांगत बसले. दीड महिन्याने लीलाबाईंनी कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं पोस्टकार्ड आलं. भागाबाई गेल्या. पोटात गाठ होती. वर्षभर दुखत होतं, कोणाला बोलल्या नव्हत्या.

बडेबाबूंचा मला राग आहे, त्या हसणाऱ्या डॉक्टरांचा आहे, सल्ला द्यायला आलेल्या चार प्रतिष्ठितांचा आहे. पण त्या दुपारी भागाबाईंच्या गळ्याची हाडं वर आलेली मला दिसली होती. चोळी दंडात ढिली झालेली दिसली होती. खाटेवर दोन बशांत मीठ लावलेले पेरू होते. माझी बशी संपली तरी त्यांची तशीच भरलेली होती. त्यांनी ती माझ्याकडे सरकवली, आणि बसची वेळ होत आली होती म्हणून मी भराभर तीही संपवली.