चौसष्ट घरांची मागणी

काकूंच्या हातून कधी काही कमी पडलं नाही, आणि हीच त्यांची खोड होती. मुलगा दोन दिवसांसाठी मित्राकडे निघाला तरी त्या पिशवीत तिसरा टॉवेल कोंबत.

"आई, मित्राकडे चाललोय, वनवासाला नाही," तो म्हणे.

"असू दे," काकू म्हणत. पिशवीची चेन मग गुडघा दाबून लावावी लागे.

तान्ह्या बाळांना ऐकू येतं का हे तपासणारी यंत्रं बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात काकू होत्या. बाळाच्या कानात बारीक नळी ठेवायची, आवाज सोडायचा, कानातून जो प्रतिसाद उमटतो तो टिपायचा. हे काम करणारं कार्ड, म्हणजे चिप बसवलेली छोटी पट्टी, काकूंनी घडवलं होतं. जुन्या यंत्रात ते वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं. नवं यंत्र मात्र दोन हातांत मावेल एवढं लहान केलं, आणि त्यात कार्ड बसवल्यापासून पडदा उजळे, दिवा लागे, नळीतून मात्र हूं की चूं नाही.

साहेब स्वभावानं वाईट नव्हते, फक्त घाईत असत. "काकू, आज संध्याकाळपर्यंत बघतो," ते म्हणाले. "नाही जमलं तर बाहेरून तयार कार्ड घेऊ. मग तुमचं टेबल स्टोअरमध्ये हलवू. तिथंही माणूस लागतोच."

स्टोअरमध्ये, म्हणजे आयुष्यभर कार्डं घडवून आता खोकी मोजायची. काकूंनी कार्डाचा प्रत्येक सांधा भिंगाखाली धरला, दोन ठिकाणी पुन्हा डाख दिला. यंत्र ढिम्म. दुपारी दोन हमाल आले आणि टेबलाचे ड्रॉवर काढून घेऊनही गेले.

शेवटी काकू कर्नेलवालीकडे गेल्या. कर्नेल म्हणजे यंत्रातल्या सगळ्या प्रोग्रॅमांच्या मुळाशी बसलेला कारभारी, आणि या कारखान्यात त्याची सगळी दुखणी काढणारी म्हणून ही मुलगी कर्नेलवाली. तोंडानं फटकळ, पण काकूंच्या डब्यावर तिचा रोजचा हक्क.

तिनं यंत्र सुरू केलं आणि पडद्यावरून सरकणाऱ्या ओळी वाचल्या. "काकू, कार्ड ठणठणीत आहे. विचारलं की बोलतंय."

"मग आवाज का नाही?"

"बोलतंय ते जरा जास्तच बोलतंय. हे बघा. बटण दाबलं की कर्नेल प्रत्येक कार्डाचं दार ठोठावतं आणि विचारतं, बाई, तुला किती घरं हवीत? कार्ड आकडा सांगतं. कर्नेल तेवढी घरं नेमून देतं, घर नंबर अमुक ते तमुक. नंतर ज्याला कार्डाशी बोलायचं असेल त्यानं त्या नंबरावर निरोप टाकायचा. एकच नंबर दोघींना दिला तर एकीचा निरोप दुसरीच्या घरात. म्हणून जागा नसेल तर कर्नेल सरळ नाही म्हणतं. तुमच्या कार्डाला नंबरच मिळालेला नाही. निरोप टाकायचा कुठं?"

"माझं कार्ड किती मागतंय?"

"चौसष्ट."

काकूंचा हात पदराकडे गेला. चिपमध्ये तो आकडा त्यांनीच भरला होता. जुन्या यंत्रात मैदानच्या मैदान मोकळं होतं, कोणी अडवलं नव्हतं.

"नव्या यंत्रात पडद्याचं कार्डच बहुतेक जागा खातं," कर्नेलवाली म्हणाली. "उरतात जेमतेम सहा."

"मग बत्तीस करू?"

"काकू."

"बरं, सोळा."

"मी भाव करत नाहीये. खरोखर किती लागतात ते मोजा."

काकू बसल्या. आवाज सोडण्याचं एक घर. आलेला प्रतिसाद टिपण्याचं एक. चालू-बंद आणि लहान-मोठा आवाज यांचं एक. बस. बाकीच्या घरांत कोण राहत होतं ते फक्त त्यांनाच ठाऊक. शाळेत जाणाऱ्या मुलांची तपासणी कधीतरी करू म्हणून काही राखलेली. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी काही. आणि दोन्ही कान एकदम तपासायचे म्हणून एक. रडणाऱ्या बाळाला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवताना आयांचे चेहरे त्यांनी दवाखान्यात पाहिले होते. ते घर सोडताना त्या अंमळ थांबल्या.

"तीन," त्या म्हणाल्या.

"तीन नाही चालणार."

"आता तीनही जास्त झाली का गं?"

"कमी झाली," कर्नेलवाली हसली. "कार्डाला दुपटीचीच भाषा येते. एक, दोन, चार, आठ. तीन लागत असतील तर चार मागायची, कायद्यानं. आठ मावत नाहीत, चार मावतात."

"म्हणजे एक घर वर?"

"वर. आणि त्याबद्दल तुम्हाला कोणी बोलणारही नाही."

काकूंनी चिप नव्यानं भरली. कार्ड खाचेत कर्नेलवालीनं बसवलं. यंत्र सुरू झालं, ओळी सरकल्या, आणि आवाजाच्या कार्डापुढे पहिल्यांदा नंबर उमटला. काकूंनी नळी स्वतःच्या कानात घातली. एक बारीक, स्वच्छ सूर आला. त्यांनी दुसऱ्या हातानं कर्नेलवालीला गप्प राहायची खूण केली, जरी ती बोलतच नव्हती.

साहेब आले, त्यांनीही नळी कानात घालून पाहिली. दुसऱ्यांदा पाहिली. मग पडद्यावरचा आकडा वाचला, आणि कर्नेलवालीनं त्यांना घरांचा हिशेब सांगितला.

"तीनच वापरताय. चौथं कशाला?"

"दुसरा कान," काकू म्हणाल्या. "आज नाही. पण दोन्ही एकदम तपासता आले तर बाळाला उगाच उलटंपालटं करावं लागणार नाही."

साहेबांनी मान हलवली. "किती वेळ लागेल?"

"टेबल असेल तर लवकर होईल."

साहेब दारापर्यंत गेले आणि हमालांना हाक मारून म्हणाले, "ते ड्रॉवर परत आणा रे."

"राहू दे, हमाल नकोत," काकू उठल्या. "त्यांच्या हातून सगळं सांडेल." आणि त्या स्वतःच स्टोअरकडे निघाल्या, मागोमाग कर्नेलवाली, दुसरा ड्रॉवर धरायला.