आत्याचं नाक आणि लाल गाडी

गाडी आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, आली ती टेम्पोच्या मागे दोरीने बांधून. बाबा दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहेत, हंगामात आंब्याच्या पेट्या नेतात. तळेऱ्याला एका घराच्या मागे, फणसाखाली, ही गाडी कित्येक पावसाळे उभी होती. मालक म्हणाले, न्या, निदान जागा मोकळी होईल. बाबांच्या ओळखीच्या मेकॅनिकने इंजिन चालू करून दिलं. बाकीचं सगळं आमच्यावर होतं.

ती मूळची लाल असावी. टपावर शेवाळ होतं, बॉनेटवर फणसाच्या चिकाचे काळे डाग होते आणि मागच्या सीटमध्ये उंदरांनी स्पंज कुरतडून घर केलं होतं. आत्या पायरीवर उभी राहून बघत होती.

“ह्या काय रे? गाडी हाडलंस काय कोंबड्यांचा खुराडा?”

“बाय, धुतल्यार बरी दिसतली,” बाबा म्हणाले. आत्या त्यांची मोठी बहीण, ते तिला बाय म्हणतात.

“दिसतली. पण वासाचा काय?”

वासाचं काय, हाच प्रश्न होता. आई गेली तेव्हा मी पहिलीत होते. तेव्हापासून मला आत्याने वाढवलं. वेणी घालणं, व्हाळ ओलांडून शाळेत सोडणं, परीक्षेच्या दिवशी गुळाचा खडा हातावर ठेवणं, हे सगळं तिचंच. पण तिला गाडी लागते. साधं मळमळणं नव्हे. एकदा एका लग्नासाठी ती एसटीने आंबोलीला गेली होती. घाटात तिचे इतके हाल झाले की लग्नघरी पोचल्यावर ती ओटीवरच आडवी झाली आणि अक्षता पडल्या तरी उठली नाही. त्यानंतर ती कुठल्याच गाडीत बसली नाही. जिथे चालत जाता येतं, तेवढंच तिचं जग. माझं हायस्कूल त्या जगात होतं, कणकवलीचं कॉलेज नव्हतं.

मी पदवी घेणारी आमच्या घरातली पहिलीच. पदवी वितरणाचा कार्यक्रम कॉलेजात व्हायचा होता. घरच्यांना घेऊन या, असं सांगितलं होतं. मला आत्याला न्यायचं होतं. हे मी तिला स्पष्ट कधी म्हणाले नाही, पण बाबांना म्हणाले होते. नंतर काही दिवसांनी ही गाडी आली.

सुट्टीच्या दिवशी आम्ही कामाला लागायचो. चिकाचं काय करायचं, हे कुणी सांगावं लागलं नाही. फणस चिरताना हाताला आणि विळीला खोबरेल लावतोच. तेच बॉनेटला लावलं. डाग मऊ पडले आणि नखाने निघाले. मग साबणाने तेल धुवायचं. ते मी एका बाजूला नीट धुतलं नाही, तर सकाळी मुंग्यांची रांग आरशापर्यंत गेली होती.

नंतर वॉटर पेपर. पाणी सोडत सोडत रंगाचा पांढरट थर घासून काढायचा. पाणी लाल होऊन खळ्यात वाहायचं. खालून खरा रंग वर यायचा तेव्हा मला फार आनंद व्हायचा आणि मी जोर करायचे.

“दाबू नको,” बाबा म्हणायचे. “रंग पातळ आसा. कागदाक काम करूक दी.”

तरी एका कडेला मी घासून घासून प्रायमरपर्यंत पोचले. करडी पट्टी दिसायला लागली. बाबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या भागाला पाणी घातलं. आयुष्यभर दुसऱ्याचा टेम्पो जपणारा माणूस हा, पण स्वतःच्या पहिल्या गाडीवर माझा हात बसू दिला. तेव्हा आभार मानणं मला सुचलं नाही.

दाराच्या खालच्या कडेचा गंज खरवडून तिथे आम्ही स्प्रेने रंग मारला. डब्यावरचा लाल आणि गाडीचा लाल जुळला नाही. जुन्या सदऱ्याला नवं ठिगळ लावावं तसं ते दार अजून दिसतं. पॉलिश झाल्यावर मात्र बॉनेटमध्ये माडाच्या झावळ्या दिसायला लागल्या. मी आत्याला बोलावून दाखवलं.

“बरी दिसता,” ती म्हणाली. “पण लाल रंगान पोट ढवळूचा काय थांबाचा नाय.”

मग आतलं काम. सीटा काढून खळ्यात आणल्या. उकडलेलं भात वाळत घातलं होतं, त्याच्या शेजारी स्पंज वाळत पडले. उंदरांच्या घरात सुपाऱ्या आणि काजूची टरफलं निघाली. डॅशबोर्डवरची बुरशी पुसली. दारांच्या खाचा जुन्या ब्रशने साफ केल्या. आणि रोज संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, आत्या यायची. आत बसायची नाही. उघड्या दारातून फक्त डोकं आत घालायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची.

“वास येता.”

“कसलो?”

“कुबट. त्या कोपऱ्यात.”

तिने बोट दाखवलं तिथे मॅट उचलली, तर खालचा गालिचा ओला. फणसाच्या पानांनी पाणी जायचं भोक बुजलं होतं. ज्या नाकामुळे ती घरी राहिली होती, तेच नाक आम्हाला रोज एकेक जागा दाखवत होतं. गालिचा काढून टाकला. दुसऱ्या दिवशी दुसरा कोपरा. वास कमी होत होता, पण जात नव्हता.

आणि कार्यक्रम जवळ आला तेव्हा आम्ही धीर सोडला आणि एक चूक केली. आमच्याकडे घरात कुबट वास आला किंवा डास झाले की नारळाच्या सोडणांची, वरच्या वाळक्या सालींची, धुरी देतात, वर धूप टाकतात. बाबा म्हणाले, गाडीलाही देऊ. मला ते अगदी पटलं. आत फरशी ठेवली, तिच्यावर निखाऱ्यांचं घमेलं, सोडणं, धूप, आणि काचा बंद. काचांआड सगळं पांढरं झालं. आम्ही दोघं बाहेर समाधानाने उभे होतो.

दार उघडलं तर कुबट वास गेला होता. पण टपाच्या आतल्या कापडात, सीटबेल्टच्या पट्ट्यांत, सीटांत, सगळीकडे धूर भरला होता. संध्याकाळी आत्या आली. डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

“आता हेच्यात बांगडे भाजलंस काय रे?”

बाबा हसले. मला हसू आलं नाही. मी म्हणाले, “आते, तू नको येव. मी तुका फोनवर दाखवतंय. कोणीतरी व्हिडिओ काढीत.”

ती घरात गेली. मला वाटलं, सुटली बिचारी. सकाळी उठले तेव्हा ती पायरीवर बसली होती. गाडीच्या सीटांची कव्हरं तिच्या मांडीवर होती आणि ती ब्लेडने त्यांची शिवण उसवत होती.

“आते, ह्या काय करतंस?”

“फोनात बघूक तू काय मुंबयक ऱ्हवतंस?” ती म्हणाली. वर बघितलंही नाही.

जुनी कव्हरं टाकूनच दिली. ट्रंकेतली तिची मऊ झालेली सुती लुगडी तिने काढली, रिठ्याच्या पाण्यात धुतली, दोन पदरी करून मशीनवर त्यांची नवी कव्हरं शिवली. टपाचं कापड मी साबणाच्या फडक्याने पुसत राहिले. पट्ट्या बादलीत भिजवल्या. सगळी दारं उघडी टाकून गाडी दिवसदिवस उन्हात उभी केली. त्या उन्हाचेही मला आभार मानावेसे वाटतात, ते कसे मानायचे कळत नाही. आत्याने रोजचा निकाल देणं मात्र बंद केलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी बाबांनी गाडीपुढे नारळ ठेवला आणि देवाला गाऱ्हाणं घातलं. मी मागे उभी होते, होकार द्यायला.

“बा देवा म्हाराजा, आज माजी भयण कितक्या वर्सांनी गाडयेत बसता हा. तिका वाटेत काय एक तरास होव देव नको रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि ओकारी इलीच, तर नव्या कव्हरार पडाक देव नको रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मी जरा जोरातच म्हणाले.

“मेल्या, देवाक तरी सोड,” आत्या म्हणाली. पण हसत होती. ती पुढे बसली. हातात लिंबाची पानं, काच पूर्ण खाली.

हायवेला लागल्यावर थोड्या वेळाने तिने हात वर केला. “थांबव रे.”

बाबांनी गाडी कडेला घेतली. आत्या उतरली आणि दाराला धरून वाकली. मी मागून बघत होते. गाव फार लांब नव्हतं, चालत परत जाता आलं असतं. तिने पदराने तोंड पुसलं, लिंबाची पानं चुरगाळून हुंगली. मग सरळ उभी राहून मला म्हणाली, “बगतंस काय? उशीर होता हा.” आणि पुन्हा आत बसली.

कॉलेजात ती मागच्या रांगेत, दाराजवळ बसली. नाव पुकारलं तेव्हा मी स्टेजवर काय घेतलं, कोणाच्या हातून घेतलं, मला नीट आठवत नाही. मी दाराकडे बघत होते. ती उभी राहिली होती, पुढच्या माणसाच्या खांद्यावरून दिसावं म्हणून. बाहेर आल्यावर तिने माझा गाऊन चिमटीत धरून कापड बघितलं.

“ह्यो काळो झगो कित्याक? वकील झालंस काय?”

“नाय गो आते. आज सगळ्यांकाच घालतत.”

“शिवण कच्ची आसा,” ती म्हणाली आणि माझ्या केसांवरून हात फिरवला.

आता मी एम.ए. करते आहे. लोकांचे आभार मानायची सवय अजून मला नाही. शब्द तोंडाशी येतात आणि मी दुसरंच काही बोलते. त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी मागच्या सीटवर, तिच्या लुगड्याच्या मऊ कापडावर हात ठेवून बसले होते आणि काय म्हणावं हे जुळवत होते. ऊन उतरलं, वारा गार झाला.

“आते, वास येता?” एवढंच मी विचारलं.

“येता हा अजून. धुराचो,” ती म्हणाली आणि हँडल फिरवून काच वर केली.